विषय: हिवाळी व्याख्यानं – मराठी माणसांचे हेगमधले दोन खटले

प्रेषक: चर्चा समिती, डेल्फ्ट
प्रति: सर्व सभासद

नमस्कार मंडळी,

दिवाळीचा हिशेब लागला, हॉलच्या किल्ल्या परत गेल्या. आता संक्रांतीचं हळदीकुंकू सोडलं तर होळीपर्यंत आपली दिनदर्शिका मोकळीच आहे. या मोकळ्या दिवसांत आंतरराष्ट्रीय घडामोडींवर जाहीर व्याख्यानं आणि चर्चा ठेवायचं कार्यकारिणीनं ठरवलं आहे. जानेवारी आणि फेब्रुवारीचा तिसरा रविवार, दुपारी तीन वाजता. प्रवेशाला पैसे नाहीत, नेदरलँड्समधल्या आपल्या मराठी मंडळाबाहेरचं कुणी आलं तरी स्वागत आहे.

जानेवारीत १९११ चा सावरकर लवाद, फेब्रुवारीत २०१९ चा, पाकिस्ताननं हेरगिरीच्या आरोपावरून फाशी सुनावलेल्या कुलभूषण जाधवांचा खटला. दोन्ही वेळा लायडेनला आंतरराष्ट्रीय कायदा शिकणारी आपली सभासद बोलेल. त्यानंतर व्याख्यान नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाहीर सुनावणी लागेल त्या दिवशी जमेल त्यांनी मिळून जायचं.

हे विषय का, ते सांगतो. माझ्या घराजवळून एक नंबरची ट्राम जाते. ती हेगमध्ये, आंतरराष्ट्रीय न्यायालय भरतं त्या पीस पॅलेसच्या फाटकाशी थांबते आणि पुढे शेवनिंगनला समुद्रावर जाते. मी वर्षानुवर्षं मुलांना घेऊन त्या ट्रामनं वाळूत खेळायला गेलो. खिडकीतून तो मनोरा दाखवायचो आणि पुढे जायचो. आत पहिल्यांदा गेलो १८ फेब्रुवारी २०१९ ला, जाधव खटल्याची सुनावणी सुरू झाली त्या दिवशी, रजा टाकून. आत ते मोठं दालन, उंच रंगीत काचांच्या खिडक्या. ‘ला कूर’ अशी ललकारी झाली, सगळे उभे राहिले, काळ्या झग्यांतले न्यायाधीश एका ओळीत येऊन बसले. मग भारतातर्फे आपल्या नागपूरचे हरीश साळवे बोलायला लागले.

मुंबईतल्या एका मराठी कुटुंबातल्या माणसाचा जीव टांगणीला लागलेला, आणि मला निम्मं कळत नव्हतं. कलम ३६, ऐच्छिक प्रोटोकॉल, अधिकारक्षेत्र. शेजारी बसलेली डच विद्यार्थिनी भराभर टिपणं काढत होती आणि मी नुसता ऐकत होतो. घरी येऊन रात्री वाचत बसलो तेव्हा वाटलं, जायच्या आधी चार जणांनी मिळून हे समजून घेतलं असतं तर किती बरं झालं असतं. तेच आता करू या.

हॉलसाठी अंदाज हवा, तेव्हा कोण कोण येणार ते कळवा.

– डेल्फ्टचे काका

*

प्रेषक: आइंडहोवन
प्रति: सर्व सभासद

काका, नमस्कार.

तुमची तळमळ कळते, तरी माझं मत स्पष्ट लिहिते. जाधवांचा विषय जरूर घ्या. सावरकरांचा नको. मागे एकदा अशाच एका चर्चेत विषय कुठून कुठे गेला आणि दोन घरं एकमेकांशी बोलेनाशी झाली, हे तुम्हीही पाहिलंत. त्यातलं एक घर अजून गणपतीला येत नाही. त्यांची मुलगी आणि माझी मुलगी मिरवणुकीत एकत्र लेझीम खेळायच्या. माझी अजून दर वर्षी विचारते, ती येणार का गं?

इथे आमचं माहेर म्हणजे हे मंडळच. सावरकरांबद्दल कुणाला काय वाटतं ते ज्याच्या त्याच्या घरी राहू द्या. हेगमध्ये विषयांना तोटा आहे का?

– ताई

*

प्रेषक: चर्चा समिती, डेल्फ्ट
प्रति: सर्व सभासद

ताई,

तुमची मेल दोनदा वाचली. ते घर तुटलं त्याचं मलाही वाईट वाटतं. त्या दिवशी सूत्रं माझ्याच हातात होती आणि मी वेळेवर थांबवलं नाही, ही माझी चूक. पण विषय टाळला म्हणून ती भरून निघेल असं मला वाटत नाही.

मार्सेलिसची उडी आपण सगळ्यांनी शाळेत ऐकली. ८ जुलै १९१०, मोरिया बोट, खिडकीतून समुद्रात उडी, पोहत धक्का गाठला, किनाऱ्यावर पकडले गेले, परत बोटीवर. गोष्ट तिथेच संपते, निदान माझ्या गुरुजींनी तिथेच संपवली होती. पुढचं सगळं इथे, शेजारच्या हेगमध्ये घडलं आणि ते आपल्याला कुणी सांगितलं नाही.

फ्रान्सच्या भूमीवर पाय लागलेल्या माणसाला एका फ्रेंच शिपायानं धरलं आणि ब्रिटिश पोलिसांच्या हाती दिलं. ना कुठला अर्ज, ना कुठला हुकूम. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघून गेली. पॅरिसच्या वर्तमानपत्रांत ओरड झाली, फ्रान्स सरकारनं माणूस परत मागितला, ब्रिटननं नाही म्हटलं. शेवटी २५ ऑक्टोबर १९१० ला दोघांनी हा वाद हेगच्या कायम लवाद न्यायालयाकडे न्यायचा करार केला. पीस पॅलेस तेव्हा बांधून व्हायचा होता, तो १९१३ मध्ये उघडला. पंच पाच : बेल्जियमचे बेर्नार्त अध्यक्ष, आणि फ्रान्स, ब्रिटन, नॉर्वे, नेदरलँड्स यांचे एकेक. बेर्नार्त आणि फ्रान्सचे रेनो या दोघांना शांततेचं नोबेल मिळालेलं. १४ ते १७ फेब्रुवारी १९११ अशी सुनावणी झाली आणि आठवड्याभरात, २४ तारखेला, निवाडा आला.

त्यांच्यापुढे प्रश्न एकच होता : ब्रिटननं सावरकरांना फ्रान्सकडे परत द्यायला हवं का? ते थोर होते की नव्हते, हे कुणी विचारलंच नव्हतं. आपणही विचारणार नाही. पंचांनी म्हटलं की त्या माणसाला धरून परत देण्यात रीत पाळली गेली नाही हे खरं, पण कुणी बळ वापरलं नाही, फसवणूक केली नाही. बोट निघेपर्यंत शिपायाच्या वरिष्ठांनीही त्याचं कृत्य नाकारलं नव्हतं. आणि दुसऱ्या देशाच्या माणसाच्या चुकीमुळे हाती आलेला कैदी परत करावा, असा आंतरराष्ट्रीय कायद्यात नियम नाही.

आता हे वाचून माझ्या मनात जे आलं ते सांगतो. निवाडा आला तेव्हा सावरकरांना दोन जन्मठेपा झालेल्या होत्या, एक डिसेंबर १९१० मध्ये आणि दुसरी जानेवारी १९११ मध्ये. मिळून पन्नास वर्षं. जुलैत ते अंदमानात पोचले. ज्या माणसाचं आयुष्य पणाला होतं, त्याच्या वतीनं बोलणारं त्या खोलीत कुणीच नव्हतं. वाद दोन सरकारांचा. फ्रान्सलाही दुखलं ते आपल्या भूमीचा मान गेला म्हणून. मग प्रश्न उरतो : एकट्या माणसाला अशा कोर्टापुढे काही हक्क आहे का? याचं उत्तर १९११ मध्ये ‘नाही’ असं होतं. २०१९ मध्ये काय होतं, ते फेब्रुवारीच्या व्याख्यानात येईल. म्हणून मला दोन्ही खटले जोडीनं हवेत. एक काढला तर दुसऱ्याचं मोल कळणार नाही.

एक नियम करू या. पहिला तासभर फक्त निवाड्याचं वाचन. तो पंधरावीस मिनिटांत वाचून होईल एवढाच आहे, म्हणजे दोनदा वाचता येईल. नंतर प्रश्न विचारायचा तर निवाड्यातल्या कुठल्या वाक्यावर, ते आधी सांगायचं. ज्याला त्या कागदाबाहेर जायचं आहे त्याला मी थांबवीन, या वेळी नक्की.

आणि त्या घरी मी स्वतः फोन करतो.

– काका

*

प्रेषक: लायडेन
प्रति: सर्व सभासद

काका, ताई, सगळ्यांना नमस्कार.

फेब्रुवारीच्या विषयाबद्दल मला बरेच जण विचारतात, ‘भारत आणि पाकिस्तान आपले वाद बाहेर नेत नाहीत ना, मग हा खटला हेगला कसा आला?’ उत्तर रंजक आहे, म्हणून थोडं आधीच लिहिते.

भारतानं १९७४ मध्ये न्यायालयाचा अधिकार मान्य करणारं जे निवेदन दिलं होतं, त्यात राष्ट्रकुलातल्या देशांशी, म्हणजे पाकिस्तानशीही, असलेले वाद वगळलेले होते. ऑगस्ट १९९९ मध्ये भारतानं कच्छजवळ पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक विमान पाडलं, तेव्हा पाकिस्तान हेगला आला. २१ जून २००० ला न्यायालयानं १४ विरुद्ध २ मतांनी सांगितलं की आम्हाला हा वाद ऐकायचा अधिकार नाही. त्या वेळी हे दार भारतानंच लावून धरलं होतं.

मे २०१७ मध्ये जाधवांसाठी जायची वेळ आली तेव्हा भारताला दुसरं दार शोधावं लागलं. ते सापडलं वाणिज्यदूतांविषयीच्या १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे त्या करारावरचा वाद या न्यायालयात नेऊ देणाऱ्या जोडकरारात, जो दोन्ही देशांनी मान्य केलेला होता. पण त्या दारातून फक्त त्या करारापुरतंच बोलता येतं. म्हणून सगळा खटला कलम ३६ भोवती फिरला : परदेशी नागरिकाला अटक झाली तर त्याला त्याच्या हक्कांची माहिती विनाविलंब द्यायची आणि त्याच्या देशाच्या अधिकाऱ्यांना त्याला भेटू द्यायचं. आणि काकांच्या प्रश्नाचं उत्तरही इथेच आहे. हा हक्क देशाचा तर आहेच, पण अटक झालेल्या माणसाचा स्वतःचाही आहे, असं या न्यायालयानं २००१ मध्ये जर्मनी आणि अमेरिकेच्या लाग्रांड खटल्यात म्हटलं. १९११ मध्ये हे वाक्य कुठेच नव्हतं.

१७ जुलै २०१९ चा निवाडा १५ विरुद्ध १ असा आला. आपल्याकडे ‘जिंकलो’ म्हणून पेढे वाटले गेले. कागद नीट वाचला तर दिसतं की भारतानं शिक्षा रद्द करून सुटका मागितली होती, आणि ती न्यायालयानं दिली नाही. दिलं ते हे : पाकिस्ताननं कलम ३६ मोडलं, जाधवांना भारतीय अधिकाऱ्यांची भेट द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी देऊ नका. हे थोडं नाही. पण सुटकाही नाही. हा फरक मराठीत नीट सांगता यावा अशी माझी फार इच्छा आहे.

त्यासाठी एका शब्दाला मदत हवी आहे. ‘कॉन्सुलर अ‍ॅक्सेस’ला मराठीत काय म्हणू? वर्तमानपत्रांत ‘राजनैतिक संपर्क’ येतो, पण त्यातून राजदूतांचा कारभार डोळ्यांपुढे येतो. मी सध्या ‘वाणिज्यदूताची भेट’ लिहिते आहे. तेही ऐकायला व्यापाऱ्यासारखं वाटतं.

आणखी एक. २५ डिसेंबर २०१७ ला जाधवांची आई आणि पत्नी इस्लामाबादला त्यांना भेटल्या, मध्ये काच होती. दुसऱ्या दिवशी आपल्या परराष्ट्र खात्यानं निवेदन काढलं, त्यात म्हटलं होतं की आईला मातृभाषेत बोलू दिलं नाही. म्हणजे मराठीत. मी ते वाचलं तेव्हा हॉस्टेलच्या स्वयंपाकघरात उभी होते, आणि तशीच उभी राहिले. दर रविवारी मी आईशी फोनवर बोलते ते सगळं मराठीत असतं, त्यात काही विशेष नाही असंच मी धरून चालले होते.

आपल्यासाठीही यात उपयोगाचं आहे. कलम ३६ इथेही लागू आहे. ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे, त्यांना इथे अटक झाली तर ‘माझ्या वकिलातीला कळवा’ असं म्हणायचा हक्क आहे. ज्यांनी डच पासपोर्ट घेतला त्यांना तो इथे नाही, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना भारत देतो ते ओसीआय कार्ड असलं तरी. हे मी व्याख्यानात सविस्तर सांगेन.

– लायडेनहून

*

प्रेषक: आमस्टेलवीन
प्रति: सर्व सभासद

‘दूतभेट’ म्हणा की सरळ. छोटा आहे, कळतोही. पहिल्यांदा आला की एकदा खुलासा करा, पुढे लोक आपोआप वापरतील.

हॉल दोन्ही रविवारी मिळाला. खुर्च्या साठ. चहा आणि कांदेपोहे आमच्याकडे.

– दादा

*

प्रेषक: आइंडहोवन
प्रति: सर्व सभासद

काका,

निवाड्यातल्या वाक्याचा नियम मान्य, आणि तो तुम्ही लिहून हॉलच्या दारावर लावा. मग मी दोन्ही वेळा येते.

माझी आई साताऱ्याहून आली आहे, मार्चपर्यंत आहे. जाधवांच्या आईची ती भेट तिनं तेव्हा टीव्हीवर पाहिली होती. काल तिला लायडेनची मेल वाचून दाखवली. बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, “मलाही घेऊन चल.” तिला इंग्रजी येत नाही, फ्रेंचचा तर प्रश्नच नाही. दोन्ही निवाड्यांचं मराठी कुणी करणार आहे का? आणि तिला बारीक अक्षर दिसत नाही.

त्या घरी फोन झाला का?

– ताई

*

प्रेषक: चर्चा समिती, डेल्फ्ट
प्रति: सर्व सभासद

ताई,

फोन झाला. वहिनी बोलल्या. जानेवारीचं बघू म्हणाल्या, मुलीला विचारून सांगते म्हणाल्या.

१९११ चा निवाडा लायडेनकरांनी आणि मी मिळून मराठीत केला आहे, तपासून घेणं बाकी आहे. जाधव निवाडा मोठा आहे, त्याचा शेवटचा आदेशाचा भाग तेवढा करतो, ‘दूतभेट’ शब्द घालून. तुमच्या आईंसाठी सोळा पॉइंटमध्ये काढतो. आणखी कुणाला मोठ्या अक्षरातली प्रत हवी असेल तर बुधवारपर्यंत कळवा, गुरुवारी छापायला टाकतो.

– काका