मदत हवी आहे : मराठवाड्यातील किशोरवयीन मातृत्वाचा दीर्घकालीन कल कसा मोजावा?

नमस्कार. मी परभणी जिल्ह्यात समाजशास्त्रात एम.ए. करीत असून लघुप्रबंधासाठी वरील विषय घेतला आहे. आकडे जमले आहेत, पण ते एकमेकांशी जुळवताना अडचण येत आहे.

देशपातळीवरील चित्र स्पष्ट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पहिल्या फेरीत (1992-93) 15 ते 19 वयोगटातील दर हजार स्त्रियांमागे वर्षाला 116 जन्म होत होते. 2005-06 मध्ये हा दर 90, 2015-16 मध्ये 51 आणि 2019-21 मध्ये 43 झाला. मोठी घसरण 2005 ते 2015 या दशकातली आहे, त्यानंतर वेग मंदावलेला दिसतो. याच तीन दशकांत एकूण जननदरही (एका स्त्रीला सरासरी होणारी मुले) 3.4 वरून 2.0 वर आल्यामुळे एकूण जननात या वयोगटाचा वाटा, माझ्या हिशेबाप्रमाणे, सुमारे 17 टक्क्यांवरून 11 टक्क्यांवर आला, म्हणजे दराइतका तो घटलेला नाही.

अडचण आपल्या भागात येते. महाराष्ट्रात 15 ते 19 वयाच्या ज्या मुली सर्वेक्षणाच्या वेळी माता किंवा गर्भवती होत्या, त्यांचे प्रमाण 2005-06 मध्ये 13.8 टक्के होते; पुढच्या दोन फेऱ्यांत ते 8.3 आणि 7.6 झाले. मात्र 20 ते 24 वयाच्या स्त्रियांपैकी 18 वर्षांच्या आत लग्न झालेल्यांचे प्रमाण 2019-21 च्या फेरीत राज्यात 21.9 टक्के असताना बीडमध्ये 43.7 आणि परभणीत 48 टक्के आहे. जिथे निम्म्या मुलींची लग्ने इतक्या लवकर होतात, तिथे राज्याची उतरती रेषा जशीच्या तशी लावणे मला पटत नाही.

नोंदींवरही पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. शाळेच्या दाखल्यावर 1 जून हीच जन्मतारीख असलेली माणसे आपल्याकडे घरोघरी आहेत. अल्पवयीन गर्भवती दवाखान्यात आली तर पोक्सो (बाल लैंगिक अत्याचारविरोधी) कायद्यानुसार पोलिसांना कळवावे लागते, म्हणून नातेवाईकच वय 19 सांगतात, असे ओळखीच्या आशाताईंकडून ऐकले. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या घरांचा प्रश्न वेगळाच आहे. मुकादमाकडून उचल घेतली की दिवाळीच्या आसपास आईवडील फडावर जातात. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवायची, ही काळजी आणि नवराबायको मिळून एक कोयता (मजुरांची एक जोडी) धरण्याची पद्धत, या दोन्हींमुळे लग्न लवकर उरकले जाते.

तेव्हा जिल्हापातळीवर कोणता निर्देशक घ्यावा आणि 2015 च्या मागे कसे जावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद :

ताई, किशोरवयीन मातांचा आणि लवकर लग्नांचा अशा तुमच्या दोन आकड्यांत विरोध नाही. ते वेगवेगळ्या पिढ्यांबद्दल बोलतात. 15 ते 19 वयाच्या मुलींत आज पंधरा वर्षांची असलेली, जिची किशोरवयाची चार वर्षे अजून पुढे आहेत, अशी मुलगीही मोजली जाते. 20 ते 24 वयाची स्त्री मात्र काही वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत असते. म्हणून याच वयाच्या स्त्रियांपैकी किती जणींचे पहिले बाळंतपण 18 च्या आत झाले, हे मूळ माहितीसंचातून काढा.

एकेका जिल्ह्याच्या नमुन्यात 15 ते 19 च्या मुली जेमतेम शे-दीडशे असतात, त्यामुळे त्या आकड्यावर टक्केवारीची चढउतार वाचू नका. मराठवाड्याचे आठही जिल्हे एकत्र करा आणि त्रुटीची मर्यादा आवर्जून द्या. 2005-06 ची फेरी राज्यापुरतीच होती. मागे जाण्यासाठी 2002-04 आणि 2007-08 ची जिल्हास्तरीय कुटुंब सर्वेक्षणे, तसेच 2001 आणि 2011 च्या जनगणनेतील वय आणि वैवाहिक स्थितीचे जिल्हावार तक्ते पाहा. मात्र या स्रोतांच्या व्याख्या वेगळ्या असल्याने सगळे आकडे एकाच रेषेत जोडू नका.

आणखी एक. 2019-21 च्या फेरीचे महाराष्ट्रातील काम 2019 मध्येच झाले. त्यामुळे टाळेबंदीत शाळा बंद असताना झालेली लग्ने त्यात नाहीत, आणि वर्षअखेरीस फडावर गेलेली कुटुंबे नमुन्यातून सुटली असण्याचीही शक्यता आहे. या दोन्ही गोष्टी प्रबंधाच्या पद्धती-प्रकरणात लिहा. तळटीपेत ढकलू नका.