पीओ-३३ वर दादरा कसा बसवायचा? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी इंदूरचा. माझ्याकडे टीनेज इंजिनिअरिंग कंपनीचं पीओ-३३ आहे, म्हणजे आवाज टिपून तो सुरात-ठेक्यात वाजवणारं खिशात मावेल असं यंत्र. एकूण ४० सेकंदांचं सॅम्पल (टिपलेला आवाज), सुरांना ८ जागा, ठेक्याला ८, आणि एका पॅटर्नला, म्हणजे फिरत राहणाऱ्या तुकड्याला, १६ घरं, बस. खरी मजा या मर्यादेतच आहे असं मला मनापासून वाटतं. परवा रात्री सराफ्यात, म्हणजे आमच्या रात्रीच्या खाऊबाजारात, उभं राहून त्याच्याच माइकवर कढईच्या काठावर झारा आपटल्याचा आवाज घेतला. घरी येऊन सूर खाली उतरवला, तर देवळातल्या घंटेसारखा घुमला! तोच आवाज सुरुवातीलाच कापला की तबल्याच्या चाटीसारखा टणक वाजतो.

अडलंय ते तालात. तीनताल १६ मात्रांचा, सरळ बसतो. दादरा ६ मात्रांचा. सध्या ३ पॅटर्न एकापाठोपाठ लावतो. ४८ घरांत ८ आवर्तनं पूर्ण होतात. पण दुसऱ्या पॅटर्नमध्ये पहिली सम (आवर्तनाची पहिली मात्रा) तिसऱ्या घरावर, तिसऱ्यात पाचव्यावर. एक बोल बदलायचा तरी तिन्हीकडे मोजत बसावं लागतं. याहून सोपी वाट कुणाला सापडली आहे का?

शिवाय तानपुरा. जागा वाचवायला त्याचं रेकॉर्डिंग दुप्पट वेगाने वाजवून भरलं आणि यंत्रात एक सप्तक खाली आणलं. जागा निम्मी लागली, पण जवारी (तारांचा झणकार) बोथट झाली, आणि सॅम्पल पुन्हा सुरू होताना टक् असं ऐकू येतं. कुणी नीट जमवलं असेल तर सविस्तर सांगा. कॉम्प्युटरवर कर, असं कृपया सुचवू नका. मला हे याच यंत्रावर करायचंय.