ईसीजीची रेघ गुळगुळीत झाली म्हणजे काम झालं का?

ओळंबा
'स्वच्छ ईसीजी, दहा ओळींच्या कोडमध्ये' हा रेघोटी यांचा धागा परवा वाचला. सल्ला असा: ५०० हर्ट्झने सॅम्पल करा (सेकंदाला ५०० मोजमापं), ०.५ ते ४० हर्ट्झ एवढंच ठेवणारा बटरवर्थ फिल्टर लावा, वर ५० चा नॉच (विजेची ५० हर्ट्झची गुरगुर तेवढी कापणारा फिल्टर), 'आणि बघा रेघ कशी लोण्यासारखी'. खाली +१ ची रांग. तिथेच लिहायला घेतलं होतं, लांबलं म्हणून वेगळा धागा.

लोण्यासारखीच हवी असेल तर पट्टी घेऊन ओढा की! ०.५ चा हाय-पास (त्याखालचं अडवणारा फिल्टर) कशाला लावतात? श्वासाबरोबर बेसलाइन डुलते. मिनिटाला १२ ते २० श्वास म्हणजे ०.२ ते ०.३३ हर्ट्झ, ते थोपवायला. थोपतंही. पण साध्या फर्स्ट ऑर्डर ०.५ हर्ट्झ फिल्टरचा टाइम कॉन्स्टंट (परिणाम ओसरायला लागणारा वेळ) ०.३२ सेकंद येतो, आणि एसटी सेगमेंट (ठोक्याच्या टोकानंतरचा सपाट तुकडा, हार्ट अटॅकची खूण इथे बघतात) त्याच अवधीत बसलेला असतो. क्यूआरएस (ठोक्याचा उंच टोकदार भाग) होऊन गेला तरी फिल्टर त्याची उलटी भरपाई करत राहतो आणि सपाट एसटी तिरका दिसू लागतो. म्हणून निदानासाठी अमेरिकन हार्ट असोसिएशन ०.०५ ते १५० हर्ट्झ सांगते, लहान मुलांना वरची मर्यादा २५०. फेज (लहरींची एकमेकींशी जुळलेली वेळ) न बिघडवणारा डिजिटल फिल्टर असेल तर खालची बाजू ०.६७ पर्यंत चालते. ही सवलत सगळ्यांना पाठ असते, तिची अट कुणालाच नाही.

रेघोटी
आम्ही ठोके मोजायचं यंत्र करत होतो साहेब, कॅथलॅब नाही. मॉनिटर मोडमध्ये ०.५ ते ४० हाच पट्टा असतो, कुठल्याही आयसीयूत डोकावून बघा. पॅन आणि टॉम्पकिन्स यांनी १९८५ साली ठोके शोधायला ५ ते १५ हर्ट्झ ठेवलं आणि बाकीचं सरळ टाकून दिलं. त्यांच्याही हातात पट्टी देणार का? १५० पर्यंत उघडं ठेवा, पेशंट जरा कुडकुडला की रेघेला काटे फुटतात. मी कोड एमआयटी-बीआयएचच्या (साठवलेल्या ईसीजींचा खुला संग्रह) डेटावर तपासलाय, ५० चा नॉच लावूनही क्यूआरएसला धक्का नाही. तुमच्याकडे काय आहे, नुसते शेरे?

तिरसट
एमआयटी-बीआयएचचा डेटा बोस्टनचा. तिथली वीज ६० हर्ट्झची. म्हणजे जो आवाज त्यात नाहीच तो तुमच्या नॉचने यशस्वीपणे काढला. दंडवत.

भूमिगत
सगळे फिल्टर-फिल्टर करताय. ५० हर्ट्झ येतोच का, हे एकानेही विचारलं नाही. अर्थिंग! निम्म्या दवाखान्यांत तिसऱ्या पिनला वायरच नसते. असली तरी पिट (अर्थिंगचा खड्डा) कोरडाठाक, कोळसा-मीठ कधी काळी टाकलेलं, उन्हाळ्यात बादलीभर पाणी ओतायचं कुणाच्या गावी नाही. मशीनची पिन काढून बॅटरीवर चालवा, बऱ्याचदा गुरगुर तिथेच कमी होते.

गणिती
नॉचबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. क्यू (नॉच किती अरुंद, त्याचं माप) ३० घेतलात तर पट्टा १.७ हर्ट्झचा, छान अरुंद. पण अरुंद नॉच वाजत राहतो, टाइम कॉन्स्टंट ०.२ सेकंदाच्या आसपास. प्रत्येक क्यूआरएसनंतर एक बारीक तरंग एसटीवर चढतो. क्यू कमी केला तर तरंग लवकर विझतो, पण क्यूआरएसचाही लचका तुटतो. दोन्ही हातांत लाडू नाहीत. मूव्हिंग ॲव्हरेजवाल्यांनी (लागोपाठच्या सॅम्पलची सरासरी काढणाऱ्यांनी) तर तोंड लपवावं: ५०० ला १० सॅम्पलची सरासरी ५० हर्ट्झ अगदी शून्य करते, आणि ३ डीबीची घट (उंची साधारण तीस टक्के कमी) २२ हर्ट्झलाच गाठते. आर वेव्ह (क्यूआरएसचं टोक) बसते खाली.

रेघोटी
मग फिल्टफिल्ट वापरा. पुढून एकदा, मागून एकदा, फेजचा प्रश्नच मिटला.

गणिती
मागून चालवायला पुढचे सॅम्पल कुठून आणणार, ज्योतिषाकडून? १० सेकंदांचा १२ लीड (बारा कोनांतून काढलेला पूर्ण ईसीजी) साठवून घेतलाय तर खुशाल चालवा, मीही चालवतो. चालू मॉनिटरवर नाही चालत. लिनिअर फेजचा (सगळ्या लहरींना सारखाच उशीर करणारा) एफआयआर फिल्टर घ्याल तर २००१ टॅपला (गुणकांना) ५०० हर्ट्झवर २ सेकंदांचा उशीर.

इन्व्हर्टरग्रस्त
भूमिगत यांना +१००. आमच्या तालुक्यात लाइट गेली की दवाखाना स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर. १५०, २५०, ३५०, हार्मोनिकची (५० च्या पटींची) सगळी वरात येते. आणि स्वस्त बोर्डांवर एडीसीच्या (सिग्नलचे आकडे करणाऱ्या चिपच्या) आधी ॲनालॉग फिल्टर नावाला. १२५ ने सॅम्पल केलं की १५० चा हार्मोनिक २५ हर्ट्झवर येऊन बसतो, ऐन क्यूआरएसच्या घरात. मग लावा कुठला डिजिटल फिल्टर लावायचा तो.

तिरसट
त्यात कोडमध्ये 'डिले(४)', म्हणजे चार मिलिसेकंद थांब, लिहून २५० हर्ट्झ झालं असं समजणारे वेगळेच. मध्ये सीरियल प्रिंट आहे, त्याला वेळ लागत नाही का? सॅम्पलिंगच डुगडुगतंय आणि नॉचचे कोइफिशंट सहा दशांशांपर्यंत!

भूमिगत
इन्व्हर्टरग्रस्त, तुमचा पिट किती खोल? अर्थ रेझिस्टन्स कधी मोजलाय? आमच्याकडच्या एका कंत्राटदाराने न्यूट्रलच अर्थच्या पिनला जोडून ठेवला होता. न्यूट्रल तुटला असता तर मशीनच्या पत्र्याला २३० व्होल्ट.

इन्व्हर्टरग्रस्त
पिट आम्ही नाही खणला, घरमालकाने खणला. आता त्याच्या अंगणात फरशी आहे.

भूमिगत
फरशी फोडा.

ओळंबा
माझा धागा अर्थिंगवर गेला. छान. भूमिगत, पिटाला चांदी लावली तरी केबल हवेतून कपॅसिटिव्ह (न चिकटता, जवळच्या तारांमधून) ५० हर्ट्झ उचलणारच. लीड एकत्र वळवा, जेली लावा, राइट-लेग ड्राइव्ह (उजव्या पायाच्या तारेतून गुरगुर उलटी सोडून मारणारं सर्किट) नीट आहे का बघा.

भूमिगत
वीस वर्षं हाताने वायरिंग केलंय. मला हवेतलं शिकवू नका.

रात्रपाळी
मी डॉक्टर आहे, गणित बेताचंच. एकदा मॉनिटरवर एसटी वर उचललेला दिसला. नातेवाइकांनी ॲम्ब्युलन्स सांगितली, गाव सोडून शहरात न्यायची तयारी. मी कागदावर १२ लीड काढला, एसटी जागच्या जागी. मॉनिटर ०.५ वर होता. तेव्हा ओळंबा बरोबर आहेत.

पण ओळंबा, हिवतापाने थडथडणाऱ्या माणसाचा १५० हर्ट्झचा ईसीजी कधी वाचलाय? पी वेव्ह (क्यूआरएसच्या आधीची छोटी लाट) सापडत नाही. मी मसल फिल्टरचं बटण दाबते, ३५ वर आणते, ताल बघते. क्यूआरएसमधल्या बारीक खाचा गेल्या हे ठाऊक असतं. मग पांघरूण घालून, थांबून, दुसरा काढते.

ओळंबा
दोन काढता, हाच तर माझा मुद्दा. रेघोटींच्या दहा ओळींत कच्चा सिग्नल साठवतच नाहीत. फिल्टर करून तेवढंच ठेवतात. गेलेलं परत कसं आणणार?

रेघोटी
ठीक आहे, महामहोपाध्याय. कच्चा सिग्नल वेगळा साठवतो. धाग्याच्या माथ्यावर 'फक्त ठोक्यांसाठी, एसटी वाचू नये' असं ठळक टाकलंय. ४० मात्र हलवणार नाही, ठोक्यांना ते पुरतं.

रात्रपाळी
ठळक अक्षरं धाग्यात राहतील, माझ्या हातात कागद येतो. मोठ्या मशीनवर पट्टीच्या तळाशी '०.०५-१५० हर्ट्झ' असं छापलेलं असतं, तसं तुमच्या स्क्रीनवर टाका. लावलेला फिल्टर दिसला पाहिजे.

रेघोटी
टाकतो. स्क्रीनवर सोळा अक्षरंच मावतात, ठोके काढून टाकू का?

भूमिगत
अर्थ रेझिस्टन्स पण छापा.