श्रावणात मटणाचा वास! (सोसायटी ग्रुपवरची चर्चा)

ए ४०१ काका: सी विंगच्या जिन्यात मटणाचा वास येऊलालाय. श्रावणी सोमवार आहे आज. ज्याच्या त्याच्या घरचा प्रश्न, पण निदान खिडकी तरी उघडा.

सी २०१ वैनी: काका, वास आमच्याच घरचा. मटण नाही, धिंगरी आहे. ऑयस्टर मशरूम म्हणतात ती. वास येतोय तो सासूबाईंच्या काळ्या मसाल्याचा 😄

बी १०३ ओंकार: वैनी, खरंच मटणासारखं लागतं का? आईनं केलेलं तेव्हा नुसतं पाणी पाणी झालेलं.

बी १०३ आई: ग्रुपवर सांगायची गरज होती का?

सी २०१ वैनी: ताई, सगळ्यांचं तसंच होतं. मशरूममध्ये ९० टक्के पाणीच. कांदा-टोमॅटोच्या फोडणीत थेट टाकलं की ते भाजत नाही, उकडतं. आधी पाणी घालवायचं, मग बाकीचं.

धिंगरी हातानं उभी फाडायची, सुरी लावायची नाही. देठाकडून फाडलं की रेषा सुटतात, त्या रेषांतच सगळी गंमत आहे. लोखंडी तवा चांगला तापवायचा. तेल नाही, चिमूटभर मीठ, एकच थर. वर ताटली आणि ताटलीवर वरवंटा. आधी पाणी सुटून खदखदतं, नंतर आवाज बदलतो, कोरडं तडतडायला लागतं. तेव्हा उलटायचं आणि परत वरवंटा. दोन्ही बाजू तांबूस झाल्या की मग तेल आणि मसाला.

रस्सा वेगळा. कांदा-खोबरं काळपट भाजून वाटण, काळा मसाला, तर्री सुटेपर्यंत उकळायचं आणि फोडी शेवटी सोडायच्या. पाव किलोत चौघांचं भागत नाही हं, आटून मूठभर उरतं. माणशी पाव किलो धरा. आणि कडक भाकरी चुरूनच खा, चपातीबरोबर मजा नाही.

ए २०२ स्वाती: शिट्ट्या किती?

सी २०१ वैनी: कुकर नकोच. पण शिजून गळेल ही भीतीही नाही.

डी ३०४ सर: बरोबर. वांग्यातलं पेक्टिन उष्णतेनं विरघळतं म्हणून वांगं मऊ पडतं. मशरूमच्या पेशींची भिंत काइटिनची, खेकड्याच्या कवचात असतं तेच. ते शिजवून विरघळत नाही. दहा मिनिटं ठेवा नाहीतर अर्धा तास, चावायला जवळपास सारखंच.

आणि मटणाची आठवण का होते तेही सांगतो. ग्लुटामेट, म्हणजे मांसासारखी रसदार चव देणारा घटक. जपानच्या इकेदांनी १९०८ साली समुद्री शेवाळाच्या रश्शातून ते वेगळं काढलं. टोमॅटोत असतं, मशरूममध्ये असतं. शिताके नावाचं मशरूम वाळवलं की त्यात तशीच चव देणारं ग्वानिलेट वाढतं, आणि दोन्ही एकत्र आले की चव बेरजेनं नाही, गुणाकारानं वाढते.

बी १०३ ओंकार: सर रविवारी पण तास घेतात 🙏

डी ३०४ सर: आज सोमवार आहे.

ए २०२ स्वाती: जिमवाले म्हणतात मशरूममध्ये भरपूर प्रोटीन. मग मटण सोडून हेच खाऊ का?

सी २०१ वैनी: नको गं. १०० ग्रॅम ताज्या मशरूममध्ये जेमतेम ३ ग्रॅम. मटणात विसाच्या आसपास. वाळवल्यावर टक्केवारी मोठी दिसते, तीच जाहिरातीत टाकतात. बी-१२ ची भिस्तही यावर ठेवू नकोस. चव मटणाची, ताकद भाजीची.

ताकद हवी तर खिमा कर. साधं बटण मशरूम बारीक चिरून पूर्ण कोरडं परतायचं. त्यात सोयाबीन वडीचा चुरा, भिजवून घट्ट पिळलेला. कोरड्या वडीत १०० ग्रॅमला ५० च्या वर प्रोटीन असतं. मशरूम चव देतं, सोया अंग धरतं. तुपकटपणाला शेंगांचं जाडसर कूट. कबाब वळायचे असतील तर पंढरपुरी डाळ्याचं पीठ, बेसन नको, कच्चट लागतं.

आणखी हौस असेल तर कणीक घट्ट मळून तासभर पाण्यात ठेव आणि पाणी बदलत चोळून धू. चीक निघून जातो, मागं चिवट गोळा उरतो. तो गव्हाचा ग्लुटेन, त्यात मशरूम वाटून घातलं की तुकडे अगदी बोटीसारखे. गहू सोसत नसलेल्यांनी मात्र लांब राहा.

बी १०३ ओंकार: पार्किंगच्या मागं पावसानं ढीगभर छत्र्या उगवल्यात. आणू का बे? म्हणजे, आणू का वैनी?

डी ३०४ सर: हात लावू नकोस. काही विषारी जातींतलं विष उकळूनही जात नाही. सहा-बारा तास काहीच होत नाही, मग उलट्या-जुलाब, नंतर थोडं बरं वाटतं आणि तेवढ्यात लिव्हर गेलेलं असतं. चांदीचं नाणं काळं पडतं, लसूण काळा पडतो, या परीक्षा साफ खोट्या. खायचं ते लागवडीचं, विकतचं.

ए ४०१ काका: वॉचमनला सांगून आजच उपटून टाकतो. पोरं खेळतात तिथं.

सी ४०३ भाऊ: धिंगरी पाहिजे असेल तर माझा मेहुणा मोहोळकडं लावतो. ज्वारीचा कडबा तोडून भिजवायचा, गरम पाण्यातून काढायचा, पिशवीत थर आणि मध्ये बी. तीनचार आठवड्यांत पहिली तोड. उन्हाळ्यात बंद असतं, आपल्याकडच्या उन्हात ओल टिकवायची कशी? आता आहे. शनिवारी आणतो, नावं टाका.

डी १०१ काकू: आमच्यात अळंबी चालत नाही. पण एक विचारते, सोडायचंय तर सोडावं की. त्याचं सोंग कशाला आणायचं?

सी २०१ वैनी: काकू, तुम्हाला कधी सोडावंच लागलं नाही म्हणून. आमचे हे श्रावण पाळतात, पण दुसऱ्या आठवड्यापासून ताटावर बसल्यावर चेहरा बघवत नाही. सोंग तर सोंग, घरात शांतता आहे.

ए ४०१ काका: मला डॉक्टरांनी मटण महिन्यातून एकदाच सांगितलंय. शनिवारी अर्धा किलो लिहा. आणि वैनी, आजचं काही उरलंय का?

सी २०१ वैनी: उरलंय, डबा पाठवते. खिडकी उघडली आहे 😄

डी १०१ काकू: ते कणीक धुवून करशील तेव्हा चीक टाकून देऊ नकोस गं. आंबवलेला नसला तरी चालेल. पातेल्यात निवळू दे आणि मला हाक मार, गूळ-दूध घालून शिजवते.