मदत हवी आहे: ४ टीबी हार्ड डिस्कला २५० जीबी एनव्हीएमईचा कॅश कसा लावावा?

सिडकोकर_नाशिक:
फोटो एडिटिंगच्या मशीनसाठी सल्ला हवा आहे. उबुंटू २२.०४ (लिनक्स) आणि डार्कटेबल हे फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर. सिस्टिम १२० जीबीच्या साटा एसएसडीवर आहे. फोटो ४ टीबीच्या ७२०० आरपीएम हार्ड डिस्कवर, एकच पार्टिशन, ईएक्सटी४ फाइलसिस्टिम, २.६ टीबी भरलेलं. लग्नाचे मोठे फोल्डर उघडताना फार वेळ लागतो. नवा २५० जीबी एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी) घेतला आहे. इकडे पावसाळ्यात वीज वारंवार जाते, यूपीएस जेमतेम दहा मिनिटं टिकतो. फॉरमॅट न करता त्याचा कॅश (वारंवार लागणाऱ्या डेटाची जलद प्रत) लावता येईल का? राइटबॅक मोड ठेवू का? एसएसडी गेला तर फोटो जातील का?

गोदाकाठ:
दादा, शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. राइटथ्रू मोडमध्ये प्रत्येक लिखाण हार्ड डिस्कवर पोचल्याशिवाय पूर्ण धरलं जात नाही. एसएसडी मेला तरी फोटो शाबूत. राइटबॅकमध्ये ताजा डेटा काही काळ फक्त एसएसडीवर असतो. तेवढ्यात तो गेला तर फाइलसिस्टिमच अर्धवट राहते. शिवाय वीज अचानक गेली की डीएम-कॅश (लिनक्समधली कॅशची यंत्रणा) पुढच्या वेळी सगळे ब्लॉक डर्टी, म्हणजे हार्ड डिस्कवर न पोचलेले, धरतो आणि ते हार्ड डिस्कवर परत लिहीत बसतो. तुमच्याकडे राइटथ्रूच ठेवा. एलव्हीएमचा (लिनक्समध्ये डिस्कची जागा वाटून देणाऱ्या व्यवस्थेचा) डीफॉल्टही तोच आहे.

फॉरमॅट मात्र टळत नाही. साध्या पार्टिशनवर एलव्हीएम कॅश बसत नाही, आणि बीकॅशलाही (कॅशची दुसरी पद्धत) डिस्कवर स्वतःचा सुपरब्लॉक (स्वतःच्या माहितीची नोंद) लागतो. जागच्या जागी बदलणारी साधनं आहेत, पण बॅकअप नसताना त्यांना हात लावू नका. यूएसबी ३ च्या बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी २.६ टीबीला पाच तास लागतात. एडिटिंगच्या नोंदींच्या छोट्या एक्सएमपी फाइलींमुळे जास्तच. कॉपी तपासल्याशिवाय मूळ पुसू नका.

मग हार्ड डिस्क आणि एनव्हीएमई दोन्हींवर पीव्हीक्रिएट (डिस्क एलव्हीएमकडे देणारी कमांड), दोन्हींचा एकच व्हॉल्यूम ग्रुप (एकत्र साठा). मोठा एलव्ही (त्या साठ्यातला पार्टिशनसारखा भाग) फक्त हार्ड डिस्कवर, २०० जीबीचा छोटा फक्त एनव्हीएमईवर. एलव्ही बनवणाऱ्या एलव्हीक्रिएट कमांडच्या शेवटी डिस्कचं नाव द्यायला विसरू नका. शेवटी एलव्हीकन्व्हर्टला टाइप 'कॅश' सांगून छोटा एलव्ही कॅशव्हॉल म्हणून द्या. त्याआधी थिन-प्रोव्हिजनिंग-टूल्स हे पॅकेज टाका. ते नसेल तर कॅशची तपासणी होत नाही आणि रीबूटनंतर एलव्ही चालू होताना अडचण येऊ शकते. 

सातपूर_लिनक्स:
वरचं सगळं बरोबर, पण आधी एक बघा. कॅशचा फायदा पुन्हा पुन्हा वाचल्या जाणाऱ्या डेटाला होतो. कार्डावरून नुकतेच उतरवलेले रॉ फोटो पहिल्यांदा उघडताना वेग हार्ड डिस्कचाच राहणार. बीकॅश तर ४ एमबीपेक्षा लांब सलग वाचन डीफॉल्टने कॅशला वळसा घालून नेतो.

डार्कटेबलचा डेटाबेस आणि थंबनेल होम फोल्डरमध्ये असतात, म्हणजे तुमच्या त्या १२० जीबीवर. तो भरत आला असेल तर खरी अडचण तिथेच असू शकते. मी तुमच्या जागी असतो तर कॅश न लावता एनव्हीएमईवर ईएक्सटी४ करून चालू हंगामाचं काम त्यावर ठेवलं असतं आणि डिलिव्हरी झाली की फोल्डर डार्कटेबलमधूनच हार्ड डिस्कवर हलवला असता. बाहेरून हलवला तर डेटाबेसला तो सापडत नाही. यात हार्ड डिस्क पुसावी लागत नाही. फक्त काम चालू असताना रोजचा बॅकअप हवा.

सिडकोकर_नाशिक:
जुन्या अल्बमची ऑर्डर वर्षभर येत असते, त्यामुळे कुठले फोल्डर लागतील ते आधी कळत नाही. कॅश चालतोय हे कसं तपासायचं? आणि एनव्हीएमई काढायचा झाला तर?

गोदाकाठ:
मग कॅशला अर्थ आहे. एलव्हीएस कमांडमध्ये रीड हिट्स (कॅशमध्ये सापडलेली वाचनं) आणि रीड मिसेस (न सापडलेली) हे रकाने मागवा. पहिले काही दिवस मिसेसच जास्त दिसतील, घाबरू नका. काढायच्या आधी एलव्हीकन्व्हर्ट अनकॅश चालवा, मग मशीन बंद करून एनव्हीएमई काढा. तो आधीच मेला असेल तर अनकॅशला फोर्स हा पर्याय जोडावा लागतो. राइटथ्रू असल्याने त्यात फोटो जात नाहीत.