दोन दिवसांत शिक्षकांना स्मार्ट टीव्ही आणि प्रोजेक्टर शिकवायचा आहे. काय घेऊ आणि काय सोडू?

जांबोटी_रोड

नमस्कार मंडळी. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात सीआरपी आहे, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची (क्लस्टरची) साधनव्यक्ती. माझ्या क्लस्टरमध्ये बहुतेक शाळा मराठी, सातवीपर्यंतच्या, दोन कन्नड. अलीकडे यातल्या काही शाळांत स्मार्ट टीव्ही आले. कुठे माजी विद्यार्थ्यांनी दिला, कुठे पंचायतीने, एका गावात पुण्याला कामाला असलेल्या पोरांनी वर्गणी काढली. एका शाळेत प्रोजेक्टरही आहे. सगळं चालू स्थितीत आहे आणि जवळजवळ सगळं झाकून ठेवलेलं आहे. खराब झालं तर भरून कोण देणार, ही भीती.

पाचवी ते सातवीच्या शिक्षकांसाठी दोन दिवसांचं प्रशिक्षण घ्यायला परवानगी मिळाली आहे. माणसं वीस-बावीस. त्यात नवीन लागलेले जीपीटी (पदवीधर प्राथमिक शिक्षक) आहेत आणि निवृत्तीला आलेलेही. याआधी आम्ही सगळे एका प्रशिक्षणाला गेलो होतो. मोठा हॉल, पुढे स्लाइड, सगळं कन्नडमधून, दिवसभर ॲपची नावं. वहीत लिहून घेतली आणि वही मिटली. मला तसं करायचं नाही. मुलांपर्यंत काहीतरी पोचलं पाहिजे, नाहीतर हा सगळा खटाटोप कशाला?

नेटचं आमच्याकडे काही खरं नाही. पावसाळ्यात वीजही जाते ती कधी येईल सांगता येत नाही. ज्यांनी असं प्रशिक्षण घेतलंय त्यांनी सविस्तर सांगावं.

निपाणी_गणितमास्तर

मॅडम, मी सहावी-सातवीला गणित आणि विज्ञान शिकवतो. साधनव्यक्ती म्हणून बऱ्याच प्रशिक्षणांत उभा राहिलोय. जे सांगतोय ते मनापासून सांगतोय.

पहिली गोष्ट, दोन दिवस सलग घेऊ नका. परवानगी दोन दिवसांची आहे ना, मग एक दिवस आता घ्या आणि दुसरा तीन-चार आठवड्यांनी. मधल्या काळात प्रत्येकाने आपल्या वर्गात एक तास घ्यायचा. फक्त एक. आणि तो तास बघायला शेजारच्या शाळेतलं कुणीतरी मागच्या बाकावर बसायचं. अमेरिकेत ब्रूस जॉइस आणि बेव्हर्ली शॉवर्स यांनी १९८० च्या आसपास शिक्षक-प्रशिक्षणावर काम केलं. व्याख्यान ऐकून आणि नमुना पाठ बघून शिकलेलं वर्गापर्यंत फारसं जात नाही, परत आल्यावर सोबत कुणी असेल तेव्हाच ते टिकतं, असं त्यांनी दाखवलं. आपल्या भागात मी हेच बघितलंय. हॉलमध्ये टाळ्या पडतात, आणि सोमवारी वर्गात खडूच हातात असतो.

दुसरी गोष्ट, ॲपपासून सुरुवात करू नका. बोलावताना सगळ्यांना सांगा, येत्या पंधरवड्यात जो पाठ येणार आहे त्याचं पुस्तक घेऊन या. पहिला तासभर टीव्ही बंदच ठेवा. प्रत्येकाने एवढंच सांगायचं: या पाठात माझी मुलं नेमकी कुठे अडतात? इथे तुमचे निवृत्तीला आलेले सर आणि बाई बोलायला लागतील. त्यांनी तो पाठ इतक्यांदा शिकवलाय की मूल कुठे अडखळतं हे त्यांना पाठ आहे. नवीन पोरांना मोबाइल येतो, पण ही जागा माहीत नसते. मिश्रा आणि कोहलर या संशोधकांनी २००६ साली जे मांडलं त्याचा गाभाही हाच: विषय, शिकवण्याची रीत आणि तंत्र या तिन्हींची जाण एका माणसात एकत्र यावी लागते, नुसतं तंत्र शिकवून भागत नाही. अडण्याची जागा सापडली की मग बघायचं, इथे पडदा काही मदत करतो का. पुष्कळदा उत्तर 'नाही' येतं, आणि ते बिनधास्त मान्य करा. अपूर्णांकाला कागदाची घडीच चांगली.

एक तास कसा होतो तो सांगतो, म्हणजे कळेल.

सातवीला त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज. आधी प्रत्येक मुलाने वहीच्या कागदाचा त्रिकोण कापायचा, कोपरे फाडून एका रेषेवर जुळवायचे. हे सगळ्यांना येतं, त्यात टीव्हीचं काम नाही. मग मी विचारतो, "दोन काटकोन असलेला त्रिकोण काढता येईल काय?" पाटीवर 'हो' किंवा 'नाही' लिहून वर धरायचं. निम्म्या पाट्यांवर 'हो' असतं. कोण बरोबर ते मी सांगत नाही. आता जिओजेब्रा लावतो, म्हणजे भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येतात ते सॉफ्टवेअर. त्रिकोण काढून ठेवलेला असतो, तिन्ही कोनांची मापं पडद्यावर. एका मुलीला बोलावून एक टोक ओढायला लावतो. दुसरा कोन ९० च्या जवळ जाईल तसं वरचं टोक लांब लांब पळतं आणि पडद्याबाहेरच जातं. वर्ग ओरडायला लागतो, "मिटेना की सर!" कागदावर हे दिसत नाही, कारण कागदावरचा त्रिकोण हलत नाही. पडदा लागतो तो एवढ्यासाठी, त्या पाच मिनिटांपुरता. मग टीव्ही बंद, आणि का मिटत नाही हे वहीत लिहायचं.

यात एक खाच आहे, ती प्रशिक्षणात मुद्दाम दाखवा. मापं पूर्णांकात दाखवायला ठेवली असतील तर पडद्यावर कधी ६०, ६१, ६० येतं. बेरीज १८१. एखादं हुशार पोर हमखास पकडतं. खरे कोन ५९.६, ६०.६ आणि ५९.८ असतात, त्यांची बेरीज बरोबर १८०. पण प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात बसवला की एक अंश वाढतो. शिक्षकाने आधी घरी करून बघितलं नसेल तर तो इथे गडबडतो, "मशीन चुकलं" म्हणतो आणि पुन्हा त्या टीव्हीला हात लावत नाही. आधी बघितलं असेल तर हाच दहा मिनिटांचा सुंदर पाठ होतो. म्हणून आणलेला पाठ प्रत्येकाने तिथेच, सगळ्यांसमोर, एकदा घेऊन बघायचा. तुमचा अर्धाअधिक वेळ यालाच द्या.

पाट्यांचं विसरू नका. दाखवण्याआधी विचारायचं, लिहून घ्यायचं, मग दाखवायचं. नुसतं दाखवलं तर मुलं सिनेमा बघितल्यासारखं बघतात आणि घंटा झाली की उठतात.

आता आपल्या भागाची खास अडचण. मराठीत व्हिडिओ ढीगभर मिळतात, पण ते महाराष्ट्राच्या अभ्यासक्रमाचे. आपली पुस्तकं कर्नाटकची. गणित-विज्ञानाची मांडणी एनसीईआरटीच्या, म्हणजे केंद्राच्या पुस्तकांच्या वळणाची. पाठांचा क्रम जुळत नाही, कधी इयत्ताच पुढेमागे असते. शिक्षक शोधायला बसतो, दोन संध्याकाळी जातात, मग सोडून देतो. हे काम एकेकट्यावर टाकू नका. पहिल्या दिवशी दुपारी इयत्तावार गट करा आणि आपल्या पुस्तकातल्या पाठासमोर जुळणारं साहित्य लिहून काढा. पुस्तकातल्या क्यूआर कोडने दीक्षा या सरकारी शैक्षणिक ॲपवर काय उघडतं ते आधी बघा, मग महाराष्ट्राचं, मग मूक चित्रफिती. हा तक्ता तयार झाला तर दोन दिवस सार्थकी लागले असं मी म्हणेन.

भाषेचं म्हणाल तर मराठी शाळांचा गट मराठीत बसू दे, कन्नड शाळांचा कन्नडमध्ये. सराव पाठ मात्र एकमेकांचे बघा. आपल्याकडच्या बहुतेक शिक्षकांना दोन्ही भाषा कळतात, फक्त अवघड गोष्ट पहिल्यांदा शिकताना ती आपल्या भाषेत हवी असते. मुलांना आपण हे कायम सांगतो, मग शिक्षकांना वेगळा नियम कशाला?

चिकोडी_कॉम्प्युटर_सर

वरच्या सरांनी शिकवण्याचं सांगितलं, मी यंत्राचं सांगतो.

नेट लागतच नाही असं धरून चला. जिओजेब्रा लॅपटॉपवर आणि मोबाइलवर एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं. फेट (PhET) या संकेतस्थळावरचे पडद्यावर करायचे प्रयोग एकेक फाइल म्हणून उतरवता येतात, ब्राउझरमध्ये उघडतात; त्यातले बरेच मराठीतही आहेत. दीक्षा ॲपमधलं साहित्य आधी डाउनलोड करून ठेवता येतं.

पेनड्राइव्ह टीव्हीला लावून व्हिडिओ दिसतो, पण फेटची फाइल बहुतेक टीव्हींवर अशी उघडणार नाही. त्याला लॅपटॉप जोडावा लागतो. जुन्या प्रोजेक्टरला निळी व्हीजीए वायर असते, तिच्यातून चित्र जातं, आवाज जात नाही. शिक्षक अर्धा तास आवाज शोधत बसतात. वेगळा स्पीकर लावा. प्रोजेक्टर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत मेन स्विच काढू नका, दिवा लवकर जातो.

आणि शेवटच्या बाकावर बसून अक्षर वाचता येतं का ते बघा. हे कुणीच करत नाही.

येळ्ळूर_बाई

मी त्या निवृत्तीला आलेल्यांतलीच एक, म्हणून लिहिते. मला कुणी दाखवलं की "बाई, किती सोपं आहे", आणि टकटक करून पुढे गेलं, की मी गप्प बसते. चार तरुण शिक्षकांसमोर पुन्हा विचारायला संकोच वाटतो. तेव्हा जोड्या करा, एक जुना एक नवा, पण माउस जुन्याच्याच हातात द्या. नव्याने फक्त तोंडाने सांगायचं, हात लावायचा नाही. आमच्या शाळेत मी अशीच शिकले. चालू करण्यापासून बंद करण्यापर्यंतच्या पायऱ्या मोठ्या अक्षरात लिहून टीव्हीशेजारी भिंतीवर चिकटवल्यात, आता सातवीच्या मुलीच चालू करून देतात.

विजेच्या मंडलाचा (सर्किटचा) पाठ मी पडद्यावर घेते तो सांगते. आधी खरे सेल, खरी वायर, टॉर्चचे बल्ब. एकामागे एक दोन बल्ब जोडायचे. मुलांना विचारलं, कुठला जास्त पेटेल? जवळजवळ सगळी म्हणतात, सेलच्या जवळचा, कारण वीज तिथे आधी पोचते आणि थोडी संपते. आता गंमत अशी की बाजारातले दोन बल्ब अगदी सारखे नसतात. एक थोडा जास्त पेटतो आणि मुलांचा चुकीचा समज आणखी पक्का होतो. इथे मला फेट लागतं. त्यात दोन्ही बल्ब तंतोतंत सारखे, आणि वायरीतले निळे ठिपके सगळीकडे एकाच वेगाने सरकताना दिसतात. बल्बमध्ये शिरलेले ठिपके तेवढेच बाहेर येतात. "मग संपतंय काय बाई?" असं एका मुलाने विचारलं, तो प्रश्न माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत मला कुणी विचारला नव्हता. त्या दिवशी घरी जाऊन मी परत पुस्तक उघडलं.

म्हणून म्हणते, खरे सेल-बल्ब सोडून नुसता पडदा नको आणि पडदा सोडून नुसते बल्बही नकोत. तुमच्या प्रशिक्षणात दोन्ही ठेवा. सेल-बल्बला खर्च तो कितीसा!

जांबोटी_रोड

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन दिवस वेगळे करायचं ठरवलं, वरिष्ठांशी बोलले, होकार आहे. दोन शंका राहिल्या. मागच्या बाकावर बसायला कुणाला पाठवू? एकशिक्षकी आणि दोनशिक्षकी शाळांतले शिक्षक शाळा सोडून निघू शकत नाहीत. आणि टीव्ही वापरल्याचा पुरावा म्हणून ग्रुपवर फोटो मागवू का?

निपाणी_गणितमास्तर

शनिवारची सकाळची शाळा वापरा. तुमच्या क्लस्टरमधल्या जवळच्या दोन शाळांची जोडी लावा. एका शनिवारी हिकडच्या मुलांना खेळ आणि वाचन द्या, एका शिक्षकावर सोपवा आणि दुसरा पलीकडे जाऊ दे. पुढच्या शनिवारी उलट. एकशिक्षकी शाळेत मात्र तुम्ही स्वतः जा, तिथे दुसरा उपाय नाही. जो बघायला जाईल त्याने गुण द्यायचे नाहीत, फॉर्म भरायचा नाही. दोनच गोष्टी बघायच्या: पडदा चालू व्हायच्या आधी मुलांनी काय उत्तर दिलं होतं, आणि बंद झाल्यावर किती जणांनी ते बदललं. शिक्षकांशी चहा घेत बोलायचं, झालं.

फोटो मागवू नका, ही विनंती. फोटो मागितले की टीव्ही फोटोसाठी लागतो. मुलं ओळीत बसवली जातात, बाई पडद्याकडे बोट दाखवून उभ्या राहतात आणि खरा तास राहून जातो. मागवायचंच असेल तर मुलांच्या वहीचं एक पान मागवा, ज्यात दाखवण्याआधीचं उत्तर आणि नंतरचं उत्तर दोन्ही असेल. दुसऱ्या दिवशी तीच पानं टेबलावर पसरा आणि चर्चा तिथून सुरू करा.

त्रिकोणाच्या जिओजेब्रा फायली आणि सहावी-सातवीच्या गणिताचा आमचा पाठवार तक्ता माझ्याकडे आहे. विज्ञानाचा अर्धाच झालाय, तो तुमच्या गटाने पुरा केला तर आम्हालाही द्या. इथे निरोपात पत्ता टाका, पेनड्राइव्ह खानापूरच्या एसटीने येणाऱ्या कुणाकडे तरी देतो.

येळ्ळूर_बाई

तारीख ठरली की इथे लिहा. जवळ आहे, मी सेल आणि बल्ब घेऊन येईन.