मदत हवी आहे : 'इलेक्ट्रिक बॉइज'चा पहिला अल्बम, मूळ स्वीडिश आवृत्ती

मंडळी, स्टॉकहोमच्या 'इलेक्ट्रिक बॉइज' या रॉक बँडचा पहिला अल्बम 'फंक-ओ-मेटल कार्पेट राइड' कुणाकडे आहे का? मला १९८९ची स्वीडिश आवृत्ती हवी आहे. माझ्या कॅसेटवर १९९०ची आहे, बॉब रॉक या संगीत-निर्मात्याने काही गाणी केलेली. पेन्सिलीने गुंडाळून गुंडाळून तिची फीत पार चुरगळलीय. बँडचा गायक-गिटारवादक कॉनी ब्लूम याची गिटार फंकच्या ठेक्यावर अशी लचकते की पाय थांबत नाहीत! त्या काळच्या झगमगीत बँडांपैकी फार थोड्यांना हे जमलं. १९९४मध्ये, तिसऱ्या अल्बमनंतर, बँड मोडला (२००९ला पुन्हा जमला, ते वेगळं). दोन्ही आवृत्त्यांमधला फरक मला स्वतःच्या कानांनी ऐकायचाय. स्वीडनमध्ये कुणी राहत असेल तर जुन्या रेकॉर्डच्या दुकानात विचाराल का? पैसे, टपालखर्च लगेच पाठवतो.